ब्रेकचा निपल सुटत नाही, गोल झालाय, गळतोय: जुन्या गाडीत काय आणि कोणत्या क्रमानं बघायचं

आमची ८०० आहे १९९८ची. देवगडात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तिच्या चारही चाकांचे ब्लीडर निपल मी कधी ना कधी सोडवलेत, त्यातले दोन तोडलेत. गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी पासिंग येतं, आणि त्या आधीच्या आठवड्यात आजूबाजूच्या ओम्नी, झेन, ८०० अंगणात येऊन उभ्या राहतात. ‘ब्रेकची जरा हवा काढून दे.’ हवा काढायला अर्धा तास पुरतो. निपल सुटायला कधीकधी दोन दिवस जातात, आणि घाई केली तर चार.

निपल म्हणजे ब्रेकमधली हवा बाहेर काढायचा एक पोकळ स्क्रू. त्याचं आतलं टोक निमुळतं असतं आणि सिलिंडरात त्याच मापाच्या सीटवर जाऊन बसतं. आवळला की टोक सीटवर दाबलं जातं, ऑइल बंद. पाव-अर्धा फेरा सैल केला की टोकाच्या जरा वर जे बारीक आडवं भोक असतं त्यातून ऑइल पोकळीत शिरतं आणि बाहेर येतं. म्हणजे ऑइल अडवतं ते टोक. आट्यांचं काम निपल धरून ठेवण्याचं, बस. हे डोक्यात नसल्यामुळे लोक आट्यांना टेप गुंडाळून गळती थांबवायला जातात.

आणखी एक. स्क्रू पोकळ, त्यात आडवं भोक. तुटतो तो नेमका त्याच जागी, आणि तुटलेला तुकडा आत राहतो.

लक्षणं

पेडल स्पंजसारखं लागतं, दोन-तीन पंप मारल्यावर वर येतं. हवा काढली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

टायरच्या आतल्या भिंतीवर ओघळ, किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्यावर धूळ चिकटून काळा चिखल झालेला.

पाना फिरतो, निपल जागचा हलत नाही.

निपल फिरतो, पण बाहेर थेंब नाही.

निपल फिरतच राहतो, घट्ट म्हणून होत नाही.

हवा काढताना बुडबुडे संपतच नाहीत. अर्धा लिटर ऑइल गेलं तरी येतच आहेत.

यातलं पहिलं लक्षण फसवं आहे, म्हणून सुरुवात तिथून.

पाना हातात घेण्याआधी, फुकटात

हँडब्रेक तीन-चार खाचा ओढा आणि पेडल दाबून बघा. एरवी खोल जाणारं पेडल आता वर आणि कडक लागलं, तर बहुतेक हवा नाहीच; मागचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) झिजून ड्रमपासून लांब गेलेत. शू सेट करा, निपलला हात लावू नका. जी गाडी ‘हवा काढून दे’ म्हणून येते तिच्यात हे इतक्या वेळा निघालंय की मी आता चहा घ्यायच्या आधी हँडब्रेक ओढून बघतो.

दुसरं, पेडल एकसारख्या जोरानं अर्धा मिनिट दाबून ठेवा. ते हळूहळू खाली उतरत गेलं आणि चारही चाकं कोरडी असतील, तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा) आतल्या आत ऑइल सोडतोय. निपलचा दोष नाही.

तिसरं, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, ते ठीक. पण वर भरून आठवड्यात पुन्हा उतरली तर कुठेतरी गळतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून बघा. निपलच्या बुडाशी ओलं असेल तर निपल. ड्रमच्या पत्र्याच्या खालच्या कडेनं ओघळत असेल तर व्हील सिलिंडरचे (चाकातला, शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर गेलेत, आणि तसं असेल तर निपल वाचवायची खटपट मुळात करूच नका. सिलिंडर बदलायचाच आहे.

गाडी उचलताना

सपाट जागा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि जॅकवर भरवसा नाही. खाली घोडे (जॅक स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या शूमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

टोपी आणि भोक: दहा रुपयांची तपासणी

निपलवर काळी रबरी टोपी असायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सातांना ती नसते. कुणीतरी हवा काढताना काढून बाजूला ठेवली, आणि ती तिथेच राहिली. टोपी नसली की पावसाचं पाणी आणि चिखल निपलच्या पोकळीत जाऊन बसतो. निपल आतून गंजतो, आटे बाहेरून. कोकणात खारा वारा, वर चार महिने पाऊस. दोन पावसाळ्यांत निपल आणि सिलिंडर एक होऊन जातात.

आधी तारेच्या ब्रशनं निपल चकचकीत होईपर्यंत घासा. मग बारीक तार किंवा जाड सुई पोकळीत घालून चिखल उकरून काढा. ‘निपल फिरतो पण काही येत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते. तरी थेंब आला नाही, तर सुटत असल्यास निपल पूर्ण काढून आडवं भोक साफ करा. निपल काढूनही ऑइल येत नसेल तर अडथळा मागे आहे, बहुधा रबरी होज आतून फुगलाय. तो बाहेरून धड दिसतो, त्यामुळे लवकर संशय येत नाही.

पाना बरोबर आहे का?

निपल गोल होतो तो गंजामुळे कमी आणि चुकीच्या पान्यामुळे जास्त. तोंडाचा पाना निपलला दोन पैलूंवर धरतो. बारा पैलूंचा रिंग पाना कोपऱ्यांवर धरतो. गंजून पैलू आधीच थोडे खाल्ले गेलेले असतात, मग पहिल्याच हिसक्यात कोपरे उडतात. सहा पैलूंची गोटी (सॉकेट) घ्या, ती सपाट बाजूंवर बसते. लहान गाड्यांत ८ किंवा १० ची लागते, पण आकड्यावर विसंबू नका. बसवून बघा, हलायला जागा नको. किंचित सैल वाटली तर एक माप खालची गोटी हातोडीनं हलकेच ठोकून बसते का बघा.

आणि दांडा छोटा. निपल आवळायला साधारण ८ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला आठेक किलोचा जोर. तेच ४० सेंटिमीटरच्या दांड्यावर दोन किलोत होतं, हाताला काही जाणवतही नाही. लांब दांड्यावर जोर केला आणि ‘टक्’ आवाज आला तर तो गंज सुटल्याचा आहे की निपल तुटल्याचा, हे तुम्हाला गोटी काढल्यावरच कळेल. मला दोनदा असं कळलं.

भिजवा, ठोका, आधी आवळा

गंज सोडवायचा स्प्रे निपलच्या बुडाशी मारा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा. दोन दिवस असं केलं तर उत्तम. बाहेरूनच मारायचा आणि टोपी किंवा कागदाचा बोळा लावून पोकळी बंद ठेवायची. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल आहे. ते ग्लायकॉलचं असतं आणि सिलिंडरातले रबर त्याच्याच सवयीचे. खनिज तेल लागलं की ते फुगतात. म्हणून निपल सुटल्यावर पहिलं थोडं ऑइल वाहू द्यायचं, म्हणजे चुकून आत गेलेला स्प्रे बाहेर पडतो.

मग गोटी बसवून तिच्या डोक्यावर हातोडीचे बारीक ठोके, वीस-पंचवीस. आट्यांतला गंज ठिसूळ असतो, हादऱ्यानं तडकतो. एक मोठा घाव मात्र सीटच बिघडवतो.

यानंतर सोडवायच्या दिशेनं नव्हे, आवळायच्या दिशेनं केसभर जोर द्या. मग उलटा. मग पुन्हा केसभर आवळा. असं पुढे-मागे करत असताना एका क्षणी हाताला काहीतरी चरचरल्यासारखं लागतं, वाळूतून स्क्रू फिरावा तसं. ते लागलं की जिंकलात, पण सरळ सोडवत सुटू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, मध्ये स्प्रे.

हाताला चरचर न लागता दांडा रबरासारखा मऊ लागला, म्हणजे फिरतोय पण सुटत नाही, तर निपल पिळला जातोय. तिथल्या तिथे थांबा.

बुडबुडे संपत नाहीत

हे निपलपेक्षा माणसांचं दुखणं जास्त. एक जण पेडलवर, एक चाकाशी. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. मी फिश टँकची नळी वापरतो. क्रम असा: पेडलवाला दाबून धरतो, खालचा निपल उघडतो, पेडल खाली जातं, खालचा निपल बंद करतो, आणि मगच पेडल सोडायचं. माझा भाचा नवा होता तेव्हाची गोष्ट.

‘दाब. धर. धरलंस ना?’

‘धरलंय मामा.’

मी निपल उघडला, नळीत ऑइल सरसर आलं, आणि लगेच तेच ऑइल उलटं आत गेलं. पाय सोडला होता पठ्ठ्यानं. ‘खाली टेकलं म्हणून सोडलं,’ म्हणाला. तेव्हापासून आमच्यात नियम आहे: खालच्यानं ‘बंद’ म्हटल्याशिवाय वरच्यानं पाय हलवायचा नाही, आणि वरच्यानं ‘सोडला’ म्हटल्याशिवाय खालच्यानं काही करायचं नाही.

मोठ्या सिरिंजनं किंवा पंपानं ओढून हवा काढत असाल तर बुडबुडे खोटे असू शकतात. सैल निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत दिसते; सिलिंडरात हवा नसतेच. निपल जास्त उघडू नका आणि बुडाशी थोडं रबर ग्रीस लावा. ओढायच्या पद्धतीत आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा उपयोग एवढाच. तीही आडव्या भोकाच्या वरच; टेपचा तुकडा टोकाखाली गेला तर निपल बसणार नाही.

जुन्या गाडीत पेडल पार पाट्याला टेकवू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे रबर अर्ध्याच वाटेत फिरतात, पुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. तिथे रबर गेले की चिरतात, आणि निपल दुरुस्त करायला घेतलेली गाडी मास्टर सिलिंडरवर जाऊन थांबते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) काढून बसवल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर निपल वर आहे की खाली ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर तो बसतो छान, पण निपल खालच्या बाजूला येतो. हवा वर अडकून राहते. बादलीभर ऑइल काढलंत तरी निघणार नाही.

गोल झालेला निपल

पकड लावून चिमटायला जाल तर पोकळ निपल दबतो, चपटा होतो आणि तुटतो. लॉक होणारी ग्रिप पकड हवी. त्याआधी पोकळीत बरोबर बसेल असा ड्रिल बिट उलटा, गुळगुळीत बाजूनं घाला. आतून आधार मिळाला की भिंत दबत नाही. ग्रिप बुडाजवळ धरा, आणि वर सांगितलेलं पुढे-मागेच करा. मी सोडवलेल्या गोल निपलपैकी निम्म्याहून जास्त याच युक्तीनं निघालेत.

तापवण्याबद्दल लोक विचारतात. व्हील सिलिंडर तापवू नका. रबर निपलपासून बोटभर अंतरावर असतात, आणि ब्रेक ऑइल पेट घेतं. कॅलिपर उघडून टेबलावर घेतलेला असेल, रबर काढलेले आणि नवे टाकायचे असतील, तर गोष्ट वेगळी. गाडीखाली आडवं पडून बत्ती पेटवायची नाही. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेजवळ आग न्यायचीच नाही. क्लोरिनवाल्या क्लीनरचा धूर विषारी असतो.

निघाला. आता नवा

जुना निपल पुन्हा वापरायचा मोह टाळा. टोकावर खाच पडलेली असते, ती सीटवर नीट बसत नाही, म्हणून लोक आणखी आवळतात, म्हणून पुढच्या वेळी तो निघत नाही. जुना खिशात घालून दुकानात जा. आट्यांचं माप, पिच (दोन आट्यांमधलं अंतर), लांबी आणि टोकाचा कोन, चारही जुळले पाहिजेत. नवा निपल दोन-अडीच फेरे बोटांनी आत गेला पाहिजे. पहिल्या फेऱ्यात पाना लागला तर पिच वेगळा आहे, जबरदस्ती केली की सिलिंडरचे आटे जातात.

आट्यांना वरच्या भागात किंचित रबर ग्रीस लावा. टोकाला आणि भोकाला नाही.

आवळल्यावरही बुडाशी ओलं येत असेल तर सीट खराब आहे. निपल फिरतच राहत असेल तर आटे गेलेत. दोन्हीवर बाहेरून काही करता येत नाही. जोरात ब्रेक मारला की आतला दाब टायरमधल्या हवेच्या तीसेक पट सहज जातो. तिथे एम-सील काय टिकणार? माझ्या आतेभावाच्या ओम्नीला कुठल्याशा गॅरेजात निपलवर टेप आणि वर एम-सील लावून दिलं होतं. फोंडा घाट उतरताना अर्ध्यावर पेडल जवळजवळ पाट्याला गेलं. मास्टर सिलिंडरमध्ये दोन सर्किटं असतात, एक उरलं होतं. ते, दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांवर त्यानं गाडी खाली आणली. चाक उघडलं तेव्हा ड्रमच्या मागचा पत्रा ऑइलनं न्हायलेला होता.

तुटला

इथे हिशेब करा. इझी-आउटनं (तुटलेला स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) तुकडा काढायला जाल तर तो कडक पोलादाचा. तुटला तर त्याला ड्रिलही लागत नाही. ड्रिल मारायला जाल तर सीट खरवडली जाते. आणि लहान गाडीचा व्हील सिलिंडर काही शे रुपयांत मिळतो, नवा निपल आणि टोपी त्याच्यासोबतच येतात. मागच्या चाकाचा निपल तुटला की मी आता तुकड्याशी झटत नाही. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदमच बदलतो, बोअर (आतला व्यास) तोच बघून घेतो.

ड्रम उतरवताना: हँडब्रेक सोडलेला हवा. बऱ्याच ड्रमना दोन आटेदार भोकं असतात. त्यात ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट आळीपाळीनं थोडे-थोडे आवळले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो.

खरी अडचण पुढे आहे. सिलिंडरला येणाऱ्या लोखंडी पाइपाचा नट पाइपाला गंजून चिकटलेला असतो. नट फिरवला की पाइपही पिळतो. इथे साधा पाना नको. आमच्याकडचे जुने मेकॅनिक रिंग पान्याला पाइप जाईल एवढी चीर कापून ठेवतात, तो पाना पैलूंना सगळीकडून धरतो. नट फिरताना पाइपावर डोळा ठेवा, पाइपाला बोटानं खूण करून ठेवलीत तर आणखी बरं.

इथे हात थांबवायचा

पाइप नटासोबत पिळायला लागला. नवा पाइप कापून फ्लेअर करायला (टोक पसरवायला) हत्यार आणि सवय दोन्ही लागतात, मीही ते बाहेरून करून घेतो.

कॅलिपरमधला निपल आतल्या आत तुटला. कॅलिपर महाग असतो, तो उतरवून लेथवाल्याकडे द्या किंवा बदला.

गाडीला एबीएस आहे आणि हवा त्याच्या युनिटपर्यंत पोचलीय. काही गाड्यांत ती स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही.

दोनदा नीट हवा काढूनही पेडल कडक झालं नाही. तिसऱ्यांदा काढून काही वेगळं होणार नाही.

उद्या घाट चढायचा आहे आणि आज संध्याकाळचे सात वाजलेत. हे गमतीनं लिहिलेलं नाही. माझा एक निपल याच वेळी तुटला.

या पाचही वेळी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंग मागवा.

सगळं बसवल्यावर

टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच ब्रेक ऑइल घाला. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ निदान २३० ला. पाणी शोषलं की हे आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. म्हणून अर्धा भरलेला, वर्षभर शेल्फवर पडलेला डबा नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत हवा शक्यतो मागच्या डाव्या चाकापासून काढायला सुरू करा, ते मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर पुस्तक खरं.

मग निपल पाण्यानं धुवा, पुसून कोरडा करा, बुडाशी टिश्यू पेपर गुंडाळा आणि कुणाला तरी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा. टिश्यू कोरडा राहिला तर टोपी लावा, चाक बसवा, अंगणातच पुढे-मागे करून पहिल्या गिअरमध्ये ब्रेक मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी पुन्हा वाकून बघा. एका झेनचा निपल रात्री कोरडा होता, सकाळी बुडाशी एक थेंब. पाव फेरा नाही, जेमतेम बोटाचा जोर कमी पडला होता.